मृग नक्षत्रातल्या वायूचं तापमान

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं तापमान मोजलं. दुर्बीण अर्थातच माझी नव्हती. नारायणगावजवळ खोडद आणि त्याच्या आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत. त्यांनी काही वर्षांपूर्वी घेतलेली निरीक्षणं संग्रहात सगळ्यांसाठी खुली आहेत. ती उतरवून घेतली आणि कर्वेनगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, पाच आठवडे त्यांच्याशी झटत बसले.

निमित्त झालं २८ फेब्रुवारीचं. विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरल्यासारखी गर्दी असते. शाळांच्या बस, आसपासच्या गावांतली शेतकरी मंडळी, लहान पोरं खांद्यावर घेतलेले बाप. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन गेले होते. अँटेनेच्या खाली उभं राहिलं की ४५ मीटर व्यासाच्या त्या ताटलीतून आकाश आरपार दिसतं, कारण ती पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. लांब लहरींना ती जाळीसुद्धा आरशासारखी वाटते. जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप सरांच्या कल्पनेतली ही काटकसर मला दर वेळी नव्याने आवडते. मुलांना हे सांगत असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग यातून काय दिसतं, तारे?"

म्हटलं, तारे फारसे नाही. ताऱ्यांमधला वायू दिसतो.

"तो वायू तापतो कशाने?"

"जवळच्या मोठ्या ताऱ्यांनी."

ती थोडी थांबली. "पण तुम्ही वर्गात म्हणाला होतात की मोठा तारा सुपरनोव्हा होऊन फुटतो, तेव्हा भोवतालचा वायू बदलतो. त्याआधी काय होतं?"

मी तिला उत्तर दिलं, पण ते पुस्तकातलं होतं. अतिनील किरण, आयनीभवन, दोन वाक्यं. परतीच्या वाटेवर बस मंचरच्या पुढे गेली तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. बावीस वर्षं मी ताऱ्यांचं आयुष्य शिकवते. फळ्यावर चौकटी काढते: ढग, तारा, सुपरनोव्हा, कृष्णविवर. सूर्याच्या आठपटीहून जड तारा काही दशलक्ष ते काही कोटी वर्षं जगतो. त्या सगळ्या काळासाठी माझ्याकडे एक बाण होता, नुसती रेघ.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, वाचत नका बसू. एक चित्र स्वतः तयार करा. मृगातला तेजोमेघ घ्या, तो इतका तेजस्वी आहे की चुकलात तरी काहीतरी दिसेल."

हा तेजोमेघ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हरणाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे पाहिले की त्यांच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक छोटी रांग दिसते. तिच्यातला मधला ठिपका तारा नाही, धूसर आहे. तोच एम ४२. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. म्हणजे आज तिथून पोचणारा प्रकाश निघाला तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. ठिपक्याच्या गाभ्यात चार तारे चौकोन करून बसलेत. त्यांतला एक, थीटा-१ ओरायनिस सी, बाकी सगळ्यांना पुरून उरतो. सूर्याच्या तिसाहून जास्त पट वस्तुमान, पृष्ठभाग ३९,००० अंशांच्या आसपास. एवढा तप्त तारा मुख्यतः अतिनील प्रकाश फेकतो, आणि ज्या किरणांची तरंगलांबी ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी असते ते हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उखडून टाकतात. यालाच आयनीभवन म्हणतात. असे किरण संपेपर्यंत ताऱ्याभोवती आयनीभूत वायूचा गोळा तयार होतो आणि मग एका अगदी पातळ सीमेवर तो थांबतो. पलीकडे वायू अखंड, थंड. ही सीमा इतकी धारदार असणार हे बेंग्ट स्ट्रॉमग्रेनने १९३९ मध्येच गणिताने दाखवलं होतं. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात, आणि वळताना रेडिओ लहरी सोडतात. खोडदला ऐकू येतं ते हे.

मी ३२५ मेगाहर्ट्झची जुनी निरीक्षणं निवडली, कारण नव्या सुधारित जीएमआरटीच्या फायली माझ्या लॅपटॉपला झेपल्या नसत्या. फाइल रात्रभर उतरत राहिली. एका रात्री वळवाच्या पावसात वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. मग तिचं रूपांतर, मग कासा हे सॉफ्टवेअर बसवणं. या भागात सांगण्यासारखं काही नाही, चार दिवस गेले एवढंच.

खरं काम त्यानंतर. जीएमआरटी फोटो काढत नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी दर काही सेकंदांनी एक आकडा देते. त्यात मोबाइलचा, विजेच्या तारांचा, उपग्रहांचा गोंगाट मिसळलेला असतो. तो आधी छाटायचा. मग ज्याची तीव्रता ठाऊक आहे अशा एखाद्या स्रोताशी ताडून आकड्यांना माप लावायचं. माझ्या निरीक्षणांत तो सारथी तारकासमूहातला थ्री-सी १४७ होता. लांबची एक आकाशगंगा, दुर्बिणीला निव्वळ एक टिंब. मग गणिती उलटापालट करून आकड्यांचं चित्र.

थ्री-सी १४७ चा आलेख पाहताना मला सरळ दिसलं की खरा संकेत एका पट्ट्यात आहे आणि गोंगाटाचे काटे त्याच्या कितीतरी वर. म्हणून एक मर्यादा ठरवली, तिच्या वरचं सगळं छाटून टाकलं. स्वच्छ झालं. समाधान वाटलं. तीच मर्यादा तेजोमेघाच्या आकड्यांनाही लावली.

पहिलं चित्र आलं ते पाहून मन खट्टू झालं. तेजोमेघाच्या जागी फाटक्या चिंध्या, आणि त्यांच्याभोवती काळा खड्डा. खड्डा म्हणजे अक्षरशः शून्याहून कमी तेज, जे असूच शकत नाही. मला वाटलं माप लावण्यात चूक झाली असेल. ते पुन्हा केलं. मग वाटलं गोंगाट उरला असेल, म्हणून मर्यादा आणखी खाली आणली. चित्र आणखी फाटलं. आठ दिवस मी हेच करत होते. दुपारी पंख्याखाली बसून सारखा तोच काळा खड्डा.

शेवटी माझी ती पीएचडीवाली विद्यार्थिनी रविवारी घरी आली. तिने काही दुरुस्त केलं नाही, फक्त एक आलेख काढायला लावला. आडव्या अक्षावर जोडीतलं अंतर, उभ्या अक्षावर तीव्रता. थ्री-सी १४७ साठी सपाट रेघ आली. तेजोमेघासाठी उजवीकडे, म्हणजे लांबच्या जोड्यांना, कमी तीव्रता. डावीकडे जात जात ती चढत होती आणि मग एका जागी कापल्यासारखी थांबत होती.

"मॅडम, हे इथे काय झालं?"

मी बघत राहिले. एकमेकींपासून शंभर-दोनशे मीटरवरच्या अँटेनांच्या जोड्या मोठा, पसरट आकार टिपतात. काही किलोमीटर लांबच्या जोड्या बारकावे टिपतात. टिंबासारख्या स्रोतासाठी दोन्हींत फरक नाही. पण तेजोमेघ पसरलेला आहे, त्याचं बहुतेक तेज जवळच्या जोड्यांतच येणार, आणि ते थ्री-सी १४७ पेक्षा खूप जास्त असणार. माझ्या मर्यादेच्या वर असणार.

"तेजोमेघच छाटला मी," म्हटलं.

"गोंगाट पण जवळच्या जोड्यांतच जास्त येतो ना, म्हणून ओळखू येत नाही. सगळेच एकदा तरी करतात हे."

ही चूक मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. एका टिंबावरून ठरवलेली मर्यादा पसाऱ्याला लावली की पसाराच कचरा ठरतो. आणि ताऱ्यांच्या बाबतीत वर्गात मी तेच करत आले होते. तारा हे टिंब घेऊन बसले, भोवतीचा पसारा सोडून दिला.

या वेळी छाटणी हाताने केली. एकेक जोडी, एकेक तुकडा. काटे उडवले, चढ ठेवला. दहा दिवस लागले. मग क्लीन नावाची प्रक्रिया लावली. हॉगबॉमने १९७४ मध्ये सुचवलेली ही युक्ती आजही सगळे वापरतात. अपुऱ्या अँटेनांमुळे चित्रात जे खोटे पट्टे उमटतात ते थोडे थोडे करून वजा करत जायचे. प्रत्येक फेरीनंतर तेजोमेघ चिखलातून वर आल्यासारखा स्पष्ट होत गेला. काळा खड्डा पुरता गेला नाही, कारण १०० मीटरपेक्षा जवळ अँटेना नाहीतच आणि अतिविशाल, फिकट पसारा कोणत्याच जोडीला दिसत नाही. पण मधला तेजोमेघ अखंड होता. शेजारी छोटा एम ४३ वेगळा दिसत होता. त्याला दुसराच एक तारा तापवतो. आग्नेयेला एक सरळ, ठळक कड होती, तिथे आयनीभवनाची सीमा आपल्याला बाजूने दिसते. स्ट्रॉमग्रेनची ती धारदार सीमा माझ्या टेबलावर होती.

एक गोष्ट मात्र खटकली. गाभ्यात, जिथे ते चार तारे आहेत तिथे, तेज सर्वांत जास्त असायला हवं होतं. दृश्य प्रकाशातल्या फोटोत तसंच असतं. माझ्या चित्रात मधोमध पठार होतं. सह्याद्रीच्या माथ्यावर सडा असतो तसं सपाट. मी पुन्हा चूक शोधायला लागले.

चूक नव्हती. उलट हाच चित्राचा गाभा होता. कमी कंप्रतेला दाट आयनीभूत वायू स्वतःच्याच रेडिओ लहरी शोषून घेतो आणि अपारदर्शक होतो. मृगाच्या गाभ्यात हे साधारण एक गिगाहर्ट्झच्या खाली घडतं. मग आपल्याला फक्त पुढचा पृष्ठभाग दिसतो, आतलं काही नाही. अपारदर्शक वस्तूचं रेडिओ तेज तिच्या तापमानाइतकंच असतं, त्यात दुसरं काही मिसळत नाही. लोहार भट्टीतल्या लोखंडाच्या झळाळीवरून ते किती तापलंय ते सांगतो, तसंच. म्हणजे पठाराची उंची मोजली की वायूचं तापमान हातात.

कागद घेतला. १० विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) ठिपक्यामागे सरासरी ६६ मिलिजॅन्स्की (हे रेडिओ तेजाचं एकक), कंप्रता ३२५ मेगाहर्ट्झ. सूत्रात घातलं. ७,६०० केल्विन आलं. मापातली खात्री लक्षात घेता इकडेतिकडे ८०० धरा, असं तिने बजावलं. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी याच तेजोमेघासाठी काढलेली उत्तरं आठ हजारांच्या जवळपासचीच आहेत. मी खुर्चीतून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोर वेताळ टेकडी उन्हात पिवळी पडली होती. हरीण तर त्या दिवसांत सूर्याच्या जवळ, आकाशात दिसायचंही नाही.

मग प्रश्न पडला की आठच हजार का? ३९,००० अंशांचा तारा आत बसलाय, अब्जावधी वर्षं नाही तरी लाखो वर्षं ओततोय, तर वायू वीस-तीस हजारांवर का जात नाही? इथे मला सगळ्यांत जास्त आनंद देणारी गोष्ट सापडली. वायूत हायड्रोजनबरोबर चिमूटभर ऑक्सिजन आहे. वेगवान इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या आयनांवर आदळतात, आयन ती ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि प्रकाश निसटून जातो. वायू तापला की आदळणं वाढतं, गळती वाढते. मे महिन्यात घाम जसा अंग एका मर्यादेपलीकडे तापू देत नाही, तसा ऑक्सिजन हा तेजोमेघाचा घाम आहे. वर्णपटातली ही हिरवी रेषा, ५००.७ नॅनोमीटर, पृथ्वीवरच्या कुठल्याच प्रयोगशाळेत सापडत नव्हती म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य मानलं होतं. ती ऑक्सिजनचीच आहे हे आयरा बोवेनने १९२७ मध्ये सांगितलं. वेल्ह्याकडच्या अंधाऱ्या आकाशात दुर्बिणीतून मला एम ४२ नेहमी हिरवट राखाडी दिसायचा. तो गळणारा उष्मा मी डोळ्यांनी पाहत होते.

आठ हजार अंश हा आकडा हातात आल्यावर पुढचं आपोआप उलगडत गेलं. सीमेच्या आत आठ हजार, बाहेर ज्या ढगातून तारा जन्मला तो दहा-वीस केल्विनचा. एवढ्या फरकाने दाब वाढतो, आतला वायू सेकंदाला दहाएक किलोमीटर वेगाने बाहेर ढकलला जातो. मृगात हा गोळा ढगाच्या आपल्याकडच्या कडेला आहे, म्हणून तो या बाजूने फुटलाय. पुरी तेलात फुगावी आणि एका जागी पातळ पडून वाफ सुटावी तसा वायू आपल्या दिशेने वाहून जातोय.

मला वाटलं, झालं, त्या मुलीला हे उत्तर द्यायचं. पण माझ्या विद्यार्थिनीने एक शोधनिबंध पाठवला. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. सोफिया नावाची दुर्बीण बोइंग ७४७ विमानात बसवलेली होती, वातावरणातल्या बाष्पाच्या वर जाऊन ती दूर-अवरक्त प्रकाश पाहायची. तिने कार्बन आयनाच्या १५८ मायक्रॉन रेषेत मृगाचा नकाशा काढला. आपल्याकडे टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनने वर जाऊन याच रेषेत निरीक्षणं करत आली आहे, त्यामुळे रेषेचं नाव वाचताच ओळखीचं वाटलं. तर त्या नकाशात सुमारे चार पार्सेक, म्हणजे तेराएक प्रकाशवर्षं, रुंदीचा एक बुडबुडा दिसला. त्याच्या कवचात २,६०० सूर्यांइतका वायू, आणि कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फुगतंय. त्या वेगाने पुण्याहून खोडद सहा सेकंदांत येईल. हे तापलेल्या वायूच्या दाबाने झालेलं नाही. थीटा-१ सी च्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून वेगाने जो वारा सुटतो त्याने वायू झाडून बाजूला लोटलाय. बुडबुड्याच्या आत सुमारे २० लाख अंशांचा विरळ वायू भरलेला आहे, तो क्ष-किरणांत एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीला २००८ च्या सुमारास सापडला होता.

निबंधाचं म्हणणं स्पष्ट होतं. मृगातला ढग विस्कटण्यात या वाऱ्याचा वाटा आयनीभवनापेक्षा मोठा आहे, आणि पुढे कधी हा तारा सुपरनोव्हा होऊन फुटेल त्याहूनही मोठा आहे. फुटेल तेव्हा जवळ फोडायला फारसं उरलेलंच नसेल.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. बावीस वर्षं मी सुपरनोव्हाची चौकट फळ्यावर सगळ्यांत मोठी काढत आले होते.

माझ्या ३२५ मेगाहर्ट्झच्या चित्रात हा बुडबुडा दिसत नाही. त्याचा पसारा जवळच्या जोड्यांनाही पकडता येत नाही इतका मोठा आणि फिकट आहे. काळा खड्डा जिथे उरला होता, साधारण तिथेच तो आहे. म्हणून चित्र छापून घेताना मी खड्डा कापून टाकला नाही, तसाच ठेवला.

जूनमध्ये मृग लागला. आई माहेरची मंचरची, तिला नक्षत्रं पावसापुरती ठाऊक. कुंडीच्या ओल्या मातीत मृगाचा किडा दिसला म्हणून तिने मला हाक मारली, मखमली लाल. मी तिला टेबलावरचं चित्र दाखवलं, म्हटलं हा मृगाचा ढग, मध्ये तारा आहे, तो आपलाच ढग फुंकून टाकतोय. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती. "आणि फुंकलेला जातो कुठे?" तिने विचारलं. म्हटलं, काही कडेला दाबला जातो, तिथे पुन्हा तारे होऊ शकतात. काही नुसता पांगतो. "मग दोन्ही करतोय की," ती म्हणाली. शास्त्रज्ञांमध्येही यावरच वाद आहेत, कुठल्या ढगात कडेला दाबून नवे तारे जास्त होतात आणि कुठे पांगून कमी. मला स्वतःला वाटतं मृगात पांगणं वरचढ ठरेल, पण ते मी एका चित्रावरून म्हणू नये.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या तासाला मी फळ्यावर नेहमीच्या चौकटी काढल्या आणि तारा आणि सुपरनोव्हा यांच्यामधली रेघ पुसली. तिथे जागा केली. प्रकाश, मग आठ हजार अंश, मग वारा, मग कवच, १३ किलोमीटर प्रति सेकंद. फळा पुरला नाही. सुपरनोव्हाची चौकट कोपऱ्यात लहान काढावी लागली. खोडदला प्रश्न विचारणारी मुलगी आता एमएस्सीला विद्यापीठात आहे. तिला छापील चित्र पाठवलं. तिने उलट विचारलं की १,४०० मेगाहर्ट्झला गाभा पारदर्शक होत असेल तर पठाराच्या आत काय दिसतं. त्या कंप्रतेची निरीक्षणंही संग्रहात आहेत. फाइल काल रात्रीपासून उतरते आहे.